विसूनानांचे भाताचे यंत्र

विसूनाना कोणाच्याही घरी गेले की हाताला लागेल ती वस्तू उलटी करून पाहत. कंदिलाची काच, अडकित्ता, कुलूप, सुयांची पुडी, काहीही. तिच्यावर छाप कुठला आहे ते शोधत आणि यजमानाला विचारत, "ही कुठली?" कल्याणच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केले, तेव्हा पहिल्याच दिवशी ते आमच्याकडे आले ते असेच. माझ्या पत्नीने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो देशी निघाला म्हणून त्यांना बरे वाटले. मग त्यांनी कोपऱ्यातली माझी नवी छत्री उचलली, दांडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि ती जागच्या जागी ठेवली.

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. कापूस आपला, लोखंड आपल्या डोंगरात, आणि पावसात डोकं झाकायचं तर विलायतेची बोट यायला हवी. कच्चं जातं, पक्कं येतं. तोवर आपण नुसते हमाल."

त्यांचे नाव विश्वनाथ. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र भारदस्त. मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात ते यंत्रांचे नकाशे काढण्याच्या कामावर होते. साहेबाशी भांडण वगैरे काही झाले नाही. एके दिवशी त्यांनी नोकरी सोडली आणि आईजवळ कल्याणला येऊन राहिले. आईला सगळे काकू म्हणत. काकूंना तरुणपणीच वैधव्य आले होते. व्यापाऱ्यांच्या वखारीतले भात घरी आणून त्या कांडीत, आणि त्यावरच त्यांनी मुलाला शिकवले होते. त्यांच्या तळहातांना मुसळाचे घट्टे पडले होते. ते हात त्या पदराखाली ठेवत. नाना बोलता बोलता मधेच त्या पदराकडे पाहत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

नानांच्या माजघरात त्यांनी स्वतः काढलेला हिंदुस्थानचा मोठा नकाशा होता. कुठून कापूस बाहेर जातो, कुठून कातडी, कुठून तीळ, कुठून ताग, ते त्यात रंगांनी दाखवले होते. सगळ्या देशाच्या कारखानदारीची त्यांनी मनाशी योजना बांधली होती. प्रत्येक जिल्ह्याने आपल्याकडचा एक कच्चा माल निवडायचा. तो पक्का करण्याचे यंत्र बाहेरून आणायचे नाही, पाहून इथेच घडवायचे. आणि त्या यंत्रामुळे ज्यांचे हात रिकामे होतील त्यांना त्याच मालाचा पुढचा धंदा शिकवायचा. "ही तिसरी गोष्ट लोकांना ऐकू जात नाही," असे ते म्हणत. "दुसरीला टाळ्या पडतात, आणि टाळ्यांत तिसरी बुडते."

कल्याणच्या वाचनालयात आणि ठाण्याला त्यांनी व्याख्याने दिली. ऐकणाऱ्यांत ठाण्याचे एक वजनदार वकील होते, बापूसाहेब. त्यांच्या पुढाकाराने उद्योगसुधारणेसाठी एक सभा निघाली. बापूसाहेब अध्यक्ष झाले, मी चिटणीस. आमच्या भागाचा माल कोणता, हे ठरवायला वेळ लागला नाही. मुरबाड-शहापूरकडचे भात गाड्याच्या गाड्या भरून कल्याणच्या वखारीत येई आणि गावातल्या व आसपासच्या बायका ते कांडीत. पण अलीकडे बरेचसे भात न कांडताच आगगाडीने मुंबईच्या वाफेच्या गिरण्यांकडे जाऊ लागले होते.

"आज ना उद्या सगळंच जाईल," नाना सभेत म्हणाले. "मग इथे मुसळही राहणार नाही आणि यंत्रही नाही. त्याआधी आपणच भात कांडण्याचं यंत्र करू. बायकांना पोहे-कुरमुऱ्यांचा कारखाना घालून देऊ. तांदूळही इथला, पोहेही इथले."

ठराव एकमताने झाला. हरजीशेठ म्हणून वखारवाले होते, त्यांनी जागा आणि सामानसुमान द्यायचे कबूल केले. नाना आणि रामा सुतार असे दोघे त्या उन्हाळाभर आणि पुढचा पावसाळाभर यंत्राशी झगडले. सागाचा सांगाडा, मुंबईला नानांच्या नकाशाबरहुकूम ओतवून आणलेले बिडाचे दाते, आणि फिरवायला रहाटाला जुंपलेले बैल. पहिल्यांदा तांदळाचा नुसता चुरा झाला. दुसऱ्यांदा भात जसे गेले तसेच बाहेर आले. शेवटी एकदा दाणा अखंड पडला तेव्हा नानांनी मूठभर तांदूळ उपरण्यात बांधून घरी नेला आणि काकूंपुढे ठेवला. काकूंनी दोन दाणे दातांखाली चावून पाहिले.

"चांगला निघालाय," त्या म्हणाल्या.

"आई, आता कोणाच्या हाताला घट्टे पडायचे नाहीत."

काकूंनी मान हलवली. नानांना मी इतके सुखी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही.

त्या हंगामात हरजीशेठच्या वखारीत यंत्र दिवसभर चालू लागले. भात कांडायला न्यायला आलेल्या बायकांना दिवाणजी दारातूनच परत पाठवू लागला. त्यांना मजुरी म्हणून कण्या आणि कोंडा मिळे. कण्यांवर घर जेवे, कोंड्यावर म्हैस. आता दोन्ही शेठच्या कोठारात राहिले.

एका सकाळी मी नानांच्या ओटीवर बसलो होतो, तेव्हा शहाडकडच्या पाच-सहा आगरी बायका अंगणात येऊन उभ्या राहिल्या. पुढे तानूबाई होती. काकूंच्या बरोबरीने तिने वर्षानुवर्षे भात कांडले होते.

"नाना, तो यंतर तुमीच केलाव ना?" तिने विचारले.

"हो. मीच."

"चांगला हाय म्हनतात. आमी काय वाईट बोलाला नाय आलो. पन आता आमी काय कराचा, ता पन तुमीच सांगा."

नाना खाली उतरून तिच्यासमोर उभे राहिले. "तुमच्यासाठी पोह्यांची शेड घालायचं ठरलंय, तानूबाई. सभेत ठरलंय. संक्रांतीच्या आत होईल."

"तुमी सांगताव म्हंजे व्हईल," ती म्हणाली, आणि सगळ्या आल्या तशा निघून गेल्या.

संक्रांतीच्या आधी ठाण्याला सभेची बैठक भरली. नानांनी शेडची गोष्ट काढली. बापूसाहेबांनी ती शांतपणे ऐकून घेतली. ते वाईट मनुष्य नव्हते. पण पनवेल, पेण, भिवंडी या गावांहून यंत्राची मागणी आली होती, आणि पुढे एका प्रदर्शनात ते मांडण्याचाही बेत होता. सभेची सारी शक्ती त्यासाठी लागणार होती.

"विश्वनाथराव," ते म्हणाले, "एक पाऊल उत्तम पडलं आहे. पोह्यांचं पुढे पाहू. देश पुढे जायचा तर काही लोकांना थोडं सोसावं लागतं. इंग्लंडातही असंच झालं."

"सोसायला कोण, हे आपण ठरवलंय, बापूसाहेब. त्यांना कोणी विचारलं नाही."

"आपण भावनेच्या आहारी जात आहात."

"मी शब्द दिला आहे. सभेने दिला आहे. चिटणिसांनी लिहून घेतला आहे."

हरजीशेठ म्हणाले, "नाना, शेडला भात कोण देणार? मला यंत्रालाच पुरत नाही."

मते घेतली. नानांच्या बाजूने माझा एकट्याचाच हात वर होता. नाना उठून म्हणाले की शेड होणार नसेल तर यंत्राचे नकाशे दुसऱ्या गावांना मिळणार नाहीत. बापूसाहेबांनी सरळ पुढचा विषय घेतला. त्याचे कारण पुढच्या महिन्यात समजले. रामा सुताराला पनवेलला बोलावून नेले होते. त्याने आपल्या हातांनी ते यंत्र एकदा उभे केलेले होते, त्याला नकाशा कशाला हवा? रामाही पोटासाठीच गेला. नाना त्याच्यावर कधी रागावले नाहीत. पण ते यंत्र त्यानंतर गावोगाव होत गेले, आणि त्याबरोबर काय होत गेले असेल ते नानांना न पाहता दिसत होते.

त्यांनी मग स्वतःच्या परसात गवताची शेड घातली. भात मिळवायला ते आंबिवलीच्या पलीकडच्या गावांत पायी हिंडत, कारण कल्याणचे व्यापारी त्यांना देईनात. तानूबाई आणि आणखी काही बायका येऊ लागल्या. पोहे चांगले होत, पण ब्राह्मणांच्या घरी खपेनात. आगरी बायकांनी भिजवलेले भात त्यांना चालत नव्हते. काकूंनी यावर तोड काढली. भात भिजवायचे आणि भाजायचे काम त्या स्वतः सोवळ्यात करू लागल्या, आणि बायका कोरड्या हातांनी कांडू लागल्या. काही घरांनी तेवढ्यावर समाधान मानले, काहींनी मानले नाही.

ज्या हातांना घट्टे पडू नयेत म्हणून यंत्र केले, ते हात उतारवयात चुलीपुढे भाजत होते. नाना ते पाहत आणि परसात थांबत नसत. एकदा मी म्हणालो, "नाना, पाच-सहा घरं तरी तुमच्यामुळे जेवतात."

"आणि किती उठली, मास्तर?" ते म्हणाले. "ती मला मोजता येत नाहीत. काही वीटभट्ट्यांवर गेली, काही मिठागरांत. आपल्या तालुक्यातलीच मला ठाऊक नाहीत, तर पेणची कुठून ठाऊक असणार?"

त्यांच्या बोलण्यात देश पूर्वीइतका येईना. माजघरातला नकाशा भिंतीवर होता, पण त्यात नवा रंग भरलेला मी पाहिला नाही. सभेने एका वर्षी ठाण्याला त्यांचा सत्कार ठरवला, शाल वगैरे देऊन. नाना गेले नाहीत. त्या दिवशी ते भात आणायला बाहेरगावी गेले होते. मुद्दाम गेले की योगायोगाने, हे मी विचारले नाही.

अशाच एका फेरीत त्यांना हिवतापाने धरले. औषधपाणी केले, पण ताप उतरून पुन्हा चढे. शुद्धीवर असताना ते बोलत, आणि बोलणे फिरून तिथेच येई.

"मास्तर, खरं सांगा. योजना चुकीची होती का?"

"नव्हती," मी म्हणालो. "तुम्ही यंत्र केलं नसतं तरी मुंबईच्या गिरण्यांनी त्यांचं काम नेलंच असतं."

"ते मला ठाऊक आहे." त्यांनी कूस वळवली. "पण मग नेणारा मी नसतो."

मी त्यांचा हात धरून बसलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "यंत्र पुन्हा केलं असतं मी. पण शेड आधी घातली असती. आधी शेड, मग यंत्र. तुम्ही कोणाला सांगायला गेलात तर एवढं सांगा."

दोन दिवसांनी, कार्तिकातल्या एका दुपारी, ते गेले.

सभेने दुखवट्याचा ठराव केला. चिटणीस म्हणून तो मीच लिहिला, आणि नानांचे शेवटचे म्हणणे त्यात घातले. बापूसाहेबांनी ते वाक्य काढायला लावले. मंजूर झालेल्या ठरावात यंत्र होते, त्यांची बुद्धिमत्ता होती, देशभक्ती होती. मी चिटणीसपद सोडले. त्याने कोणाचे काही अडले नाही.

नाना गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी शाळेतून परस्पर काकूंना भेटायला गेलो होतो. वाटेतच आमच्या आळीतले एक वृद्ध गृहस्थ भेटले. ते संतापलेले होते. "मास्तर, हे ऐका. सुतकाच्या घरात मुसळं चालली आहेत. काकूंना काही सांगा."

खरोखरच नानांच्या परसातून मुसळांचा आवाज येत होता. काकू माजघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ बसलो. मी विचारायच्या आधीच त्या बोलल्या.

"विसू गेला त्या दिवशी सकाळी मी भात भिजवलं होतं. आज भाजून कांडलं नसतं तर आंबून गेलं असतं. मीच तानूला बोलावलं."

"पण काकू, सुतकात पोहे घेणार कोण?"

"कोणाला द्यायचेच नाहीत. त्या आपापल्या घरी नेतील. त्यांची पोरं खातील." त्यांनी हात पदरातून बाहेर काढून गुडघ्यांवर ठेवले. "सुतक मला आहे, मास्तर. त्यांच्या पोरांना नाही."

परसात तानूबाई मुसळ उचलीत होती. तिने माझ्याकडे पाहिले, आणि हात न थांबवता नुसती मान हलवली. मी उठलो नाही. त्या घाण्याचे पोहे सुपांत भरून होईपर्यंत काकू आणि मी तिथेच बसून राहिलो.