गुलमर्गमधल्या तीन रुंद स्की आणि न बदललेला आकडा

सात हिवाळे भाड्याच्या स्कीवर काढल्यावर यंदा दिवाळीतच ठरवलं, आता स्वतःची जोडी घ्यायची.

हसू येत असेल तर हसून घ्या. मी भंडारा जिल्ह्यातला, चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली पाळी करणारा माणूस. आमच्याकडे बर्फ बघायचा तर मासोळीवाल्याच्या पेटीत. पण सात वर्षांपूर्वी मी आणि माझी धाकटी बहीण माधुरी गुलमर्गला चौदा दिवसांचा स्कीचा कोर्स करून आलो आणि दोघांनाही नाद लागला. माधुरी तुमसरला शाळेत खेळ शिकवते. ती माझ्यापेक्षा चांगली स्की करते, हे आधीच सांगून टाकतो.

घ्यायची होती सगळीकडे चालणारी रुंद जोडी, म्हणजे घोटून सपाट केलेल्या उतारावरही चालेल आणि ताज्या भुसभुशीत बर्फातही बुडणार नाही अशी. पण रुंद म्हणजे किती? स्कीची रुंदी बुटाखाली, तिच्या कमरेत मोजतात. इंटरनेटवर कोणी ९६ मिलिमीटर म्हणतो, कोणी १०८. मी म्हटलं, तीन जोड्या भाड्याने घेऊ, तीन दिवस घासू आणि इथे लिहू. माधुरीला फोन केला.

"दादा, तू का परीक्षा घेऊन राहिला का स्कीची?" ती हसली. "चाल, येतो मी. पेपर तपासाले कोणी तं पाहिजे."

तुमसर रोडहून नागपूर रेल्वेने, तिथून दिल्लीमार्गे श्रीनगर विमानाने. तिकिटं डिसेंबरातच काढा, नंतर परवडत नाहीत. श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत साधी टॅक्सी जाते. पुढचा चढ बर्फात असला तर चाकांना साखळ्या लावलेली जीप वेगळी करावी लागते आणि तिथे घासाघीस अटळ आहे. गोंडोलाची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेची, तिकिटं मात्र घरूनच ऑनलाइन काढून ठेवा. आईने जवसाची चटणी आणि चिवड्याचा डबा दिला होता. श्रीनगरच्या विमानतळावर त्या चटणीची पिशवी सुरक्षारक्षकाने दोनदा हुंगून परत दिली.

गुलमर्गला आमचा ओळखीचा दुकानदार आहे, साठीचा. सगळे त्याला चाचा म्हणतात. त्याने तीन जोड्या काढून भिंतीला टेकवल्या. निळी, कमरेत ९६. लाल, १०२, आतून धातूचा पत्रा. काळी, १०८, आणि लांबीलाही सगळ्यात मोठी. माधुरीसाठी तिच्या मापाची आखूड ९६ घेतली. चाचाने आम्हाला वजन विचारलं, वय विचारलं, बुटाचा तळ मोजला आणि बाइंडिंगच्या, म्हणजे बूट धरून ठेवणाऱ्या चापाच्या, खिडकीतला आकडा स्क्रूने फिरवला. माझा सात, माधुरीचा साडेचार. पडल्यावर किती जोर आला की बूट सुटेल, ते हा आकडा ठरवतो. जड माणसाला मोठा, हलक्या माणसाला लहान. मला हे सात वर्षांपासून माहीत होतं.

पहिला दिवस थंड आणि निरभ्र. खालचा उतार सकाळी सिमेंटसारखा घट्ट होता. निळी जोडी त्यावर मजेत चालली. गुडघा जरा कलवला की कड बसायची, दुसरीकडे कलवला की लगेच दुसरी. लाल थोडी उशिरा वळायची, पण वेगात हलायची नाही. काळीवर मात्र तासाभरात मांड्या पेटल्या. धान रोवायच्या दिवसांत ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात ना, ती घेऊन कोणी डांबरी रस्त्यावर आला की जसा खडखडाट होतो, तसं माझ्या पायाखाली चाललं होतं.

"बाप्पा, दादा, किती आवाज!" माधुरी बाजूने सुळकन निघून गेली.

दुपारी छोट्या हॉटेलात राजमा-भात खाल्ला आणि वर कहवा. गुलमर्गात जेवण महाग वाटतं, पण त्या थंडीत गरम ताट समोर आलं की माणूस वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी बर्फ तुडवून खडबडीत झालेला, ढेकळं पडलेली. तिथे लाल जोडी राजा. निळी ढेकळांवर उडत होती, लाल त्यातून नांगरासारखी सरळ जायची. वहीत मी तिला सर्वांत जास्त गुण दिले. दुपारनंतर बर्फ पडायला लागला तो थांबेचना. संध्याकाळी आमचा गाईड बशीरभाई खोलीवर आला. म्हणाला, "कल गोंडोला का ऊपर वाला फेज़ बंद रहेगा. बीच वाले स्टेशन से जंगल में उतरेंगे. लेकिन एक दूसरे की नज़र में रहना है. समझे?"

आम्ही मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोंगडूरीला, म्हणजे मधल्या स्टेशनला उतरलो तेव्हा मांडीपर्यंत ताजा बर्फ होता आणि ढग झाडांच्या शेंड्यांवर टेकलेले. पहिली फेरी मी काळीवर केली. काल-परवा जिला शिव्या घातल्या तीच आता तरंगत होती. चिखलणीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पिंजऱ्याची चाकं काय करतात ते मला कळलं. खाली गोंडोलाच्या तळाशी, जिथे बाकीच्या जोड्या ठेवल्या होत्या, आलो तेव्हा मी लहान पोरासारखा हसत होतो.

आणि तिथेच मला सुचलं. हलक्या माणसाला ही काळी कशी वाटेल? लेखात ते यायला पाहिजे.

"मधू, या फेरीले तू काळी घाल. मी माझी निळी घालतो."

"माह्यासाठी लांब नाही होत का ते? झाडीतून जाचं आहे, दादा."

"एकच फेरी. मले तुझ्याकडून लिहून घ्याचं आहे."

तिने बशीरभाईकडे पाहिलं. तो दोन हात लांब उभा राहून दुसऱ्या गाईडशी वॉकीटॉकीवर बोलत होता. ती म्हणाली, "बरं."

काळीचे चाप मी तिच्या बुटाच्या लांबीला सरकवले, ते हातानेच होतं. आकडा बदलायला मात्र स्क्रू लागतो. स्क्रूड्रायव्हर माझ्या पिशवीच्या तळाशी होता. बोटं बधिर झाली होती, मागे रांग होती. मी आकड्याकडे पाहिलं. सात. एकच तर फेरी आहे, असं मनात म्हटलं आणि पिशवी पाठीवर टाकली.

गोंडोलाने पुन्हा मधल्या स्टेशनला गेलो. पुढे बशीरभाई, मध्ये माधुरी, मागे मी. देवदारांमध्ये शिरलो तसा आवाज मेला. निळी जोडी त्या बर्फात बुडत होती. टोकं वर ठेवायला मला सगळं वजन मागे टाकावं लागत होतं. मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा उठून चष्म्यावरचा बर्फ पुसला, तर समोर कोणी नव्हतं.

"मधू!"

तिचा माग दोन झाडांमधून डावीकडे वळला होता. मी त्यावरून हळूहळू उतरलो. एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी तो माग संपला. पुढे बर्फ सपाट.

आधी मला वाटलं, ती झाडामागून गेली. मग खालची फांदी हलली. फांदीत आडवी अडकलेली काळी स्की दिसली, आणि तिच्या खाली बर्फात गेलेला पाय.

झाडाच्या बुंध्याभोवती, फांद्यांच्या आडोशाला बर्फ घट्ट होत नाही. तिथे पोकळ खड्डा राहतो. माधुरी त्यात डोकं खाली, पाय वर अशी गेली होती.

खाणीत आम्हाला बचावाचं प्रशिक्षण देतात. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घेतात. गाडलेल्या माणसाला ओढू नका, आधी तोंडापर्यंत हवा पोचवा, आणि वरून माल, म्हणजे दगडमाती, पाडू नका. तेवढंच मला आठवत होतं. मी स्की काढल्या, बशीरभाईच्या नावाने शिटी फुंकली आणि उताराच्या बाजूने, खालून, आडवा खणायला लागलो. फावडं होतं, पण तिचं डोकं नेमकं कुठे आहे ते माहीत नव्हतं, म्हणून एक हात आत घालून चाचपडत होतो आणि दुसऱ्या हाताने बर्फ ओढत होतो. तिचा पाय आधी हलत होता. मग हलायचा थांबला.

शिटी तोंडातून पडली. मी तिचं नाव घेत होतो की नुसताच ओरडत होतो, माहीत नाही.

हाताला जॅकेट लागलं. मग कॉलर. मग हनुवटी. तिच्या तोंडासमोर एका हाताने ओंजळीएवढी जागा केली, नाकातोंडातला बर्फ बोटाने काढला. काही क्षण काहीच झालं नाही. मग ती खोकली. इतका घाणेरडा, ओला खोकला मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"दादा," ती म्हणाली. "पाय. पाय सोडव."

चाप उघडेना. बर्फ गोठून बसला होता. मी स्कीच्या काठीचं टोक घातलं, मग मुठीने हाणलं. तेवढ्यात बशीरभाई बर्फ तुडवत वर पोचला. त्याने तिचे खांदे धरले, मी सगळं वजन टाकून चाप दाबला आणि बूट सुटला. ती किंचाळली. गुडघा आत पिळला होता.

बशीरभाईने वॉकीटॉकीवरून मदत बोलावली. बर्फावरून ओढत न्यायची स्लेज येईपर्यंत तो तिच्याशी बोलत राहिला, शाळेचं, मुलांचं. माझ्याकडे त्याने एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "नज़र में रहना था ना, भाई."

खाली दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला, एक्स-रे काढला. हाड शाबूत, अस्थिबंध ताणलेला. पट्टा, गोळ्या, सहा आठवडे आराम.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखळ्यांच्या जीपमध्ये माधुरीला बसवून मी जोड्या परत करायला दुकानात गेलो. चाचाने निळी पाहिली, लाल पाहिली. काळी हातात घेतली. चापाची लांबी बदललेली पाहिली. मग खिडकीतला आकडा.

"ये सात किसका है?"

"मेरा."

"और पहनी किसने थी?"

मी बाहेर जीपकडे पाहिलं. त्याला उत्तर मिळालं. त्याने ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला, पण आकडा फिरवला नाही, नुसता हातात धरून उभा राहिला.

"बहन को मालूम है?"

"नहीं."

"बता दो. नहीं तो समझेगी कि गलती उसके पैर की थी."

टंगमर्गच्या उतारावर माधुरी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मीच बरोबर नाही वळली, दादा. आता मले झाडीत नाही जमत. वय झालं असंन." ती छत्तीसची आहे. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "पाणी देऊ का?"

श्रीनगर, दिल्ली, नागपूर. तिन्ही विमानतळांवर व्हीलचेअर ढकलताना मी वाक्य जुळवत होतो. नागपूरहून गाडी केली. भंडाऱ्याच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. तिचा पाय सीटवर लांब केलेला, म्हणून चहा मी गाडीतच आणून दिला. तिथे सांगितलं. आकडा, स्क्रूड्रायव्हर, पिशवीचा तळ, "एकच तर फेरी आहे." सगळं. चाप वेळेवर सुटला असता तर गुडघा वाचला असता, आणि तशी लटकून राहिली नसतीस, हेही.

तिच्या हातातला चहा निवला. तुमसरला तिचा नवरा नितीन दारात उभा होता. त्यालाही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. त्याने तिला उचलून आत नेलं आणि मला ये म्हटलं नाही.

नऊ दिवस फोन नाही. मी पाळीवर जायचो, यायचो, लेख उघडायचो आणि मिटायचो.

तुमच्यापैकी जे जोडी घेण्याच्या विचारात असतील त्यांच्यासाठी निकाल लिहितो, कारण त्यासाठीच गेलो होतो. आपल्यासारखे वर्षातून आठ-दहा दिवस जाणारे आणि जास्त वेळ घोटलेल्या उतारावर राहणारे असाल तर ९६. तुडवलेल्या बर्फात वेगाने जायची हौस आणि पायात जोर असेल तर १०२. १०८ ताजा बर्फ मिळेल त्या दिवसापुरती भाड्याने घ्या. त्या तरंगण्यासारखं सुख नाही, खोटं कशाला बोलू. पण माणूस बदलला की चाप नव्याने लावा, दुकानात लावा, आणि बोटं बधिर असोत की रांग खोळंबलेली असो, आकडा तपासल्याशिवाय बूट अडकवू नका.

दहाव्या दिवशी, रविवारी, मीच तुमसरला गेलो. दार नितीनने उघडलं. थोडा थांबून बाजूला झाला. "या. आत आहे थे."

माधुरी पलंगावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, तो दाबायचा आणि सोडायचा, असा व्यायाम चालला होता. माझ्याकडे न बघता तिने वीसपर्यंत मोजलं.

"किती होता आकडा?" तिने विचारलं.

"सात."

"अन् माहा?"

"साडेचार."

तिने डोळे मिटले. उजवा हात मांडीवर हलला, डावीकडे एक वळण, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. तिच्या मनात ती झाडी होती, हे मला कळलं. मी उभाच होतो.

"फांदी लागली तवा मी वळून झाली होती," ती म्हणाली. "पूर्ण वळली होती मी. मागची स्की अटकली अन् सुटलीच नाही."

"हाव," मी म्हटलं. "तू बरोबर वळली होती, मधू."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.