दोन चुलींमधली आई

साठीला टेकल्यावर लेखणी हाती धरण्याचे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. जिल्ह्यातील कुटुंबे कमाईप्रमाणे ओळीने लावली तर अगदी मधोमध येणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षागणिक किती बदलते, याचा अंदाज बांधण्याचे काम मी करतो. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, हा आमचा नियम. आणि पाहणीची घरे दर वर्षी तीच.

हिंगण्याच्या एका घरातले दोघे भाऊ कारखान्यात आहेत. यंदा तिथे मधोमध भिंत आणि दोन शेगड्या दिसल्या. पगार तेच होते, पण एका कुटुंबाची दोन झाल्याने दोन्ही मधल्या रेषेच्या खाली गेली.

त्यांची म्हातारी आई उंबऱ्यावर बसली होती. ती एक महिना इकडे जेवते, एक महिना तिकडे.

"एकच चूल लिहा न जी," ती म्हणाली. "दोन लिहाल तं मी कोन्या घरची?"

आतून धाकटी सून सासूला म्हणाली, "मामीजी, आजपासून तुमी तिकडच्या."

थोरलीचे दार बंदच होते.

नियमाने ती दोन्हीकडे लिहिता येत नाही आणि वगळताही येत नाही. उद्या आकडे पाठवायचे आहेत. या आईला मी कोणत्या घरात मोजू?