एका खडूचा नियम

शिट्टीमास्तर, तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा हे पत्र कोणाच्या हाती पडायचं नाही हे मला कळतं. तरी लिहिते. तोंडावर बोलायची वेळ होती तेव्हा मी कामात असल्याचं सोंग आणलं.

टेपचं रीळ उलटं गुंडाळायला लागलं की तुम्ही शिट्टी वाजवायचात, म्हणून सगळं संगणक केंद्र तुम्हाला शिट्टीमास्तर म्हणायचं. हुद्दा ऑपरेटर, शिक्षण शाळेपुरतं. मी केंद्राची प्रमुख. दोन पदव्या, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

पहिलं यंत्र एका प्रोसेसरचं. प्रत्येकाचा प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर यायचा, आणि त्या कार्डांचे गठ्ठे तुम्ही ओळीने लावायचात. एकाचं काम पुरतं संपलं की दुसऱ्याचं. घाई करणाऱ्या प्राध्यापकांना तुम्ही ऐकवायचात, "सर, न्हाव्याची खुर्ची एकच. डोकं कितीही मोठं असलं तरी नंबर लावावा लागतो." पुढे नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली आणि तेच यंत्र सगळ्यांची कामं थोडी थोडी, आळीपाळीने करायला लागलं. तुम्ही म्हणालात, "न्हावी शहाणा झाला. एकाला साबण लावून ठेवतो, तोवर दुसऱ्याचे कल्ले कापतो." मी हसले आणि घरी जाऊन ते वहीत उतरवून ठेवलं. तुम्हाला सांगितलं नाही.

मग दोन प्रोसेसरांचं यंत्र आलं. प्रवेशअर्ज मोजायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, एका अर्जाचं एक कार्ड: दोन्ही प्रोसेसरांनी अर्ज वाटून घ्यायचे आणि एकाच बेरजेत भर घालायची. बेरीज चारने कमी आली. पुन्हा चालवला, सातने कमी. माझं काही चुकलं असेल हे माझ्या मनालाही शिवलं नाही. दहा माणसांसमोर मी तुम्हाला धारेवर धरलं.

"कार्डं खाली पाडलीत ना? लक्ष कुठे असतं तुमचं? शिट्ट्या फुंकण्यात?"

"नाही बाई. मी दोनदा हाताने मोजली."

"म्हणजे यंत्र खोटं बोलतंय?"

"यंत्र कुठे बोलतंय, बाई? ते सांगितलं तेवढं करतं."

कोणीतरी फिसकन हसलं. ते मला झोंबलं. त्याच दुपारी मी तुम्हाला निष्काळजीपणाबद्दल मेमो दिला, आणि तो तुमच्या सेवापुस्तकात जाऊन चिकटला.

तीन दिवसांनी तुम्ही मला आणि टायपिस्टबाईंना फळ्यापाशी नेलंत. दोघींच्या हातात एकेक खडू दिलात आणि फळ्यावर एकेचाळीस लिहिलंत.

"तुम्ही एक प्रोसेसर, या दुसऱ्या. दोघींनी आकडा वाचा. आता दोघींकडे एकेक अर्ज आला. मनात एक मिळवा आणि लिहा."

मी बेचाळीस लिहिलं. टायपिस्टबाईंनी ते पुसून त्यांचं बेचाळीस लिहिलं.

"अर्ज आले दोन, आकडा वाढला एकाने," तुम्ही म्हणालात. "एक गेला कुठे?"

"अगं बाई!" टायपिस्टबाई ओरडल्या. "कोणी काही पाडलंच नाही की!"

तुम्ही माझ्या हातातला खडू काढून घेतलात. "खडू एकच ठेवायचा. ज्याच्या हातात खडू, त्यानेच आकडा वाचायचा आणि त्यानेच लिहायचा. तोवर दुसऱ्याने फळ्याकडे पाठ करून उभं राहायचं."

मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. बेरीज चोख जुळली. तुम्ही विचारलंत, "बाई, मग त्या मेमोचं?" मी म्हटलं, "काढून टाकते हो, पळून जातोय का तो?"

सुपरवायझरची जागा निघाली होती. सेवापुस्तकात मेमो असेल त्याचा अर्जच घेत नव्हते. माझे कष्ट वाचावेत म्हणून मेमो मागे घेण्याचं पत्र तुम्हीच टाइप करून आणलंत. त्यात एक वाक्य होतं: "सदर चूक प्रोग्रॅममधील होती." ते वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. "ठेवा तिथे, सही करून खाली पाठवते," म्हणाले. सेवापुस्तकांची कचेरी एक जिना खाली. दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी फोन उचलला. पलीकडे कोणी नव्हतं. तिसऱ्यांदा तुम्ही नुसते दारात उभे राहिलात आणि गेलात. अर्जाची तारीख उलटली. निवृत्त झालात तेही ऑपरेटर म्हणूनच.

मी मात्र पुस्तक लिहिलं. त्यात न्हावी आहे, खडू आहे. विभागाविभागांतली यंत्रं तारेने जोडली, तेव्हाचं तुमचं बोलणंही आहे: "हे वेगळी बिऱ्हाडं केलेले भाऊ. यांना ना एक फळा, ना एक घड्याळ. निरोप धाडायचा, आणि पोचल्याचा उलट निरोप येईपर्यंत पोचला असं धरायचं नाही." पोरं अजून पेपरात 'एका खडूचा नियम' लिहितात. तुमचं नाव पुस्तकात कुठेही नाही. विसरले नव्हते, वगळलं.

गेल्या आठवड्यात तुमची लेक आली. हातात माझं पुस्तक, पानं मऊ पडलेली. म्हणाली, "बाबा आम्हाला हे वाचून दाखवायचे. म्हणायचे, आमच्या बाईंनी किती सोपं करून सांगितलंय बघा."

मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा घेशील?"

निघताना तिने पुस्तकावर माझी सही मागितली. मी लगेच केली.

ती गेल्यावर जुनी फाइल काढली. तुमचं पत्र आहे तसंच आहे. खाली माझं नाव टाइप केलेलं, आणि त्याच्यावर सहीसाठी सोडलेली जागा.