अंधाराची सवय

एथिल अॅसिटेटला पिकून फुटलेल्या फळांचा वास येतो. गोडूस, आंबूस, घशाशी रेंगाळणारा. तो आला की सरांचं हसणं अजून ऐकू येतं.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मी रसायनं बनवते. मोबाइल-टीव्हीच्या पडद्यांसाठी लागणारी, वीज दिली की स्वतः उजळणारी. आमचा पदार्थ द्रावणात असताना उजेडाने नासतो, म्हणून तो अंधाऱ्या खोलीत, मिणमिणत्या लाल दिव्याखाली शुद्ध करावा लागतो. मी नवीन होते तेव्हा ते काम कुणालाच नको होतं. भर बैठकीत सरांनी, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, माझ्याकडे बोट केलं.

"हिला द्या. यांच्या पाड्यावर लाइट कुठे असते? अंधाराची सवय आहे हिला."

"घुबडासारखं दिसत असेल गं तुला!" हा सरांच्या मित्राचा मुलगा. माझ्याबरोबरच नोकरीला लागलेला. सगळे हसले. मीही हसले.

खोटं काहीच नव्हतं. शेणवे गावाच्या पुढे आमचा पाडा. डोंगरापलीकडे भातसानगरच्या धरण-वसाहतीचे दिवे दिसत. आमच्याकडे नुसते खांब होते. पण आमच्यापर्यंत जे पोचू दिलं गेलं नाही, तीच माझी लायकी ठरावी?

पावसाळा त्या खोलीतच गेला. हिवाळाही. काचेच्या उभ्या नळीत पांढरी भुकटी ठासायची, वरून एथिल अॅसिटेटमधलं द्रावण सोडायचं, खालचे थेंब कुप्यांत धरायचे. लाल उजेडात रंग कळत नाहीत. प्रत्येक कुपीतला एक ठिपका अतिनील दिव्याखाली क्षणभर धरायचा. बहुतेकदा मळकट काहीतरी दिसे. मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेर पडले की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि जेवणाच्या घासालाही तोच वास.

अखेर ठिपका स्वच्छ हिरवा उजळला. राब भाजलेल्या वाफ्यातून नुकत्याच वर आलेल्या भाताच्या रोपासारखा.

तो पदार्थ दाखवायला सरांनी बाहेरचे पाहुणे बोलावले. त्याबद्दल सांगणार होता सरांच्या मित्राचा मुलगा.

"तू बटणापाशी उभी राहा," सर म्हणाले. "मी मान हलवली की लाइट घालव. बोलायचं नाही. तुझं ते नाय-मंग पाहुण्यांसमोर नको."

मी उभी राहिले. सरांनी मान हलवली. मी हात उचलला नाही.

"मी नाय घालवणार, सर. हे मी केलंय. मीच सांगणार."

मित्राचा मुलगा पुढे आला, मला खांद्याने बाजूला सारून त्याने बटण दाबलं. अंधार. टेबलावर आमचा पदार्थ लावलेला, वीज दिलेला काचेचा तुकडा हिरवा उजळला. त्याने बोलण्यासाठी घसा खाकरला.

त्याच्या आधी मी सुरुवात केली. पदार्थ कसा घडला, कुठे नासला, नासायचा थांबला तो कशाने. जिथे नाय आलं तिथे नाय म्हणाले. दिवे लागेपर्यंत मला कुणी थांबवलं नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. पाहुण्यांनी पुढचे प्रश्न सरांनाच विचारले. शोधनिबंध छापायला गेला, त्यावर माझं नाव नव्हतं.

"उद्धटपणाची किंमत असते," सर म्हणाले.

त्यानंतर मी बनवलेल्या नव्या पदार्थाची बाटली आता माझ्या कपाटात आहे, काळ्या कागदात गुंडाळलेली. त्याच्या निबंधावर माझं नाव आणि सांगायला मी, तरच ती टेबलावर येईल. नाहीतर येणार नाही. हे मी सरांना तोंडावर सांगितलं आहे. नोकरी जाईल, हेही ठाऊक आहे. थकवा गेलेला नाही. तो जाईल म्हणून थांबणार नाही.

हे ठरलं ते पाड्यावर. निबंध गेल्यानंतरच्या रविवारी मी घरी गेले. आई ओटीवर तांदूळ पाखडत होती. घुबडापासून निबंधापर्यंत सगळं तिला सांगितलं. शेवटी म्हणाले, "दमले गो आये. सोडून देते."

तिचा हात पाठीवर येईल म्हणून मी वाट पाहिली. सूप थांबलं नाही. कोंडा उडत राहिला. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं,

"मंग? त्यांचंच खरं करशील?"