डाव्या हाताचा माउस

हे लिहावं की नाही, यात दोन महिने गेले... कारण भुताखेतांच्या गोष्टींना हसणाऱ्यांतली मी. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तर घरातले अंगारे-धुपारे कधीच बंद करून टाकले होते. तरी घडलं ते जसंच्या तसं सांगते.

१९९८-९९ चा सुमार. सुरतला पांडेसऱ्यात एका साडी प्रिंटिंग मिलच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचे. राहायला जवळच, बमरोलीत. आबा नंदुरबारकडचे, सगळी उमर कापडाच्या लूमवर गेली. डावखुरे. एका रविवारी हट्टाने माझं ऑफिस बघायला आले. माउस डाव्या हातात धरला आणि बटणं उलटी लागून भलतंच काहीतरी उघडायला लागलं. हसून म्हणाले, "हाऊ उंदीर मनं आयकत नही!"

पुढच्या वेळी सेटिंग बदलून तुमच्या हाताचा करून ठेवते, म्हटलं मी. पुढची वेळ आलीच नाही. महिन्याभरात हार्ट अटॅकने गेले.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी ऑफिसात सर्व्हर आला. शेठ म्हणाले, सगळ्यांचे कॉम्प्युटर एकसारखे दिसले पाहिजेत. म्हणजे एक डिफॉल्ट प्रोफाइल बनवायची – वॉलपेपर, तारीख, प्रिंटर सगळं एकदाच ठरवायचं – आणि ती सर्व्हरवर ठेवायची. नवीन युजर पहिल्यांदा आत शिरला की त्याला तीच मिळते. शनिवारी मी ती बनवली, टेस्ट केली, घरी आले.

सोमवारी सकाळी अकाउंट्सचे हसमुखभाई ओरडले, "बेन, आ माउस ऊंधुं चाले छे!"

मग दुसरं टेबल, तिसरं... अकराच्या अकरा. सगळे माउस डाव्या हाताचे झालेले!

माझ्या हातून चुकून झालं म्हणावं, तर जिच्यावरून कॉपी केली ती मूळ प्रोफाइल उघडली – तिथे माउस उजव्याच हाताचा. सर्व्हरला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. पण शेठ डोक्यावर उभे. अर्ध्या तासात सगळे सरळ करून दिले.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले. मग म्हणाली, "मंग काढी कशाले टाकं, माय? एक दिन ऱ्हाऊ देवानं व्हतं ना..."

ते मनाला फार लागलं.

सर्व्हर बसवणाऱ्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, कॉपी करताना फाइल बिघडली असेल." बिघडलेली फाइल नेमकी तेवढीच एक गोष्ट बदलेल? तो बिल लिहायला लागला. आज इतक्या वर्षांनीही मला ते कळलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी एकटीच ऑफिसात गेले. सर्व्हरवरची प्रोफाइल पुसली. शनिवारी केलं होतं त्याच क्रमाने पुन्हा प्रोफाइल बनवली, नवा युजर उघडला, आणि डावा हात माउसवर ठेवून बसले. तीन वेळा केलं.

तिन्ही वेळा माउस सरळ चालला. सगळं अगदी बरोबर होतं... आणि मला रडू आवरेना.