आधी पाय

आमच्या गल्लीतल्या मुलांना बँड शिकवणारे चाचा छावणीच्या पलटणीत बिगूल वाजवून निवृत्त झाले होते. मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना ते ‘मियाँ’च म्हणत, आणि महिनाभर कुणाच्या हाती ढोल देत नसत. “बाजा बाद में, मियाँ. आधी पाय.” मग मुलं नुसतीच चालत. कॉन्व्हेंटात पियानो शिकलेली मी खिडकीतून बघे. मला ते विचित्र वाटे.

गणपतीच्या मिरवणुकीआधी मंडळाचे अध्यक्ष वकीलकाका म्हणाले, “ही पोरं मशिदीपाशी पांगणार. छावणीचा बँडच सांगू.” मशिदीसमोर वाजवणं थांबवायचा रिवाज होता, आणि ढोल थांबला की नवख्यांची पावलं चुकतात.

“एक डाव बघा तर,” चाचा म्हणाले.

मशीद आली. चाचांनी हात उचलला, ढोल थांबले. रस्त्यावर पावलांचा तेवढा आवाज उरला, सगळ्यांचा मिळून एक. माझी धाकटी बहीणही त्यात होती. चाचांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मशीद ओलांडल्यावर त्यांनी हात खाली आणला, आणि सगळे ढोल एकदम वाजले.

“पुढच्या वर्षीही हीच पोरं,” वकीलकाका म्हणाले.

“पुढच्या वर्षी नवी येतील, मियाँ,” चाचा म्हणाले. “फिर आधी पाय.”