घरी वाचायला सांगितलेला धडा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. पुसदच्या शाळेत जीवशास्त्र शिकवताना प्रजननाचा धडा मी ‘घरी वाचा’ म्हणून सोडून द्यायचो. स्वतःही कधी वाचला नाही. सत्तरीत नातीच्या डॉक्टरकीच्या पुस्तकात योनीच्या वर दडलेली शिश्निका पाहिली. बाईच्या शरीरात निव्वळ सुखासाठी एक अवयव! हरखून पुस्तकासकट स्वयंपाकघरात धावलो. बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. मी चित्रावर बोट ठेवून समजावू लागलो.

“मले कायले शिकवता, मास्तर? मले लग्नाआधीपासून मालूम आहे.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“तुमी इचारलं कधी?”

ती इतकी हसली की शेंगा सांडल्या. मीही हसत त्या वेचल्या. पंचेचाळीस वर्षं विचारलं नाही, चुकलो, माफ कर, एवढं मात्र ती असेपर्यंत तोंडातून निघालं नाही.